गाद्यांची असागिरी सेना

४ ऑक्टोबर १९७१, सोमवार

दुपारच्या बसने युनोहाराला पोहोचले. ताकेनोया हे गरम पाण्याच्या कुंडांचे निवासगृह. महिनाअखेरपर्यंत मुक्काम इथेच. काम असे : असागिरी सेनेच्या इतिहासग्रंथासाठी नकाशे काढणे. सेना सव्वीस वर्षांपूर्वी शरण गेली, पण तिच्या माजी अधिकाऱ्यांचे मंडळ जोरात आहे. आमच्या कार्यालयातल्या दुसऱ्या आरेखकाने हे काम नाकारले. म्हणाला, "त्या लढाईत मी गेल्या वर्षीच जखमी झालोय." मला तेव्हा तो विनोद वाटला.

मंडळ तीन जणांचे. कर्नल इजुइन तेव्हा सेनेचे चीफ ऑफ स्टाफ होते. वय चौऱ्याहत्तर, पाठ पट्टीने आखल्यासारखी. मेजर कुमे यांच्याकडे मोहिमांची आखणी होती. आवाज मोठा, गुडघे खराब. कॅप्टन नावाता रसद पाहायचे. गोल, हसरे, खिशात कायम काकी नावाची वाळवलेली गोड फळे. त्यांनी मला आल्या आल्या दोन दिली. मी कामाच्या वेळेत खात नाही, म्हणून ठेवून दिली.

ग्रंथाचे सगळे अडले आहे ते शेवटच्या लढाईवर. सेना ज्या बेटावर होती, तिथल्या एका नदीकाठी ती झाली. सैनिक तिला मिसो नदी म्हणत, कारण पाणी मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सारासारखे गढूळ. त्या दुपारी सेनेला काय आज्ञा होती, हे मी विचारले.

"जागा सोडायची नाही," कर्नल म्हणाले.

"हल्ला करायचा," मेजर म्हणाले.

"मी तांदूळ मोजत होतो हो," नावाता म्हणाले. "मला कोण सांगतंय."

खोली स्वच्छ आहे. दिवा उजवीकडे आहे, तो डावीकडे हवा.

५ ऑक्टोबर, मंगळवार

बागेत एक उंच काळा दगड उभा केला आहे. मुख्यालयाच्या तुकडीतल्या मृतांची नावे त्यावर कोरणे चालू आहे. पाथरवट तरुण आहे, नाव माकिता. त्याने मला पाहून हातोडी खाली ठेवली.

"नावं पक्की झाली का?"

"मी नकाशे काढते. नावं माझ्याकडे नाहीत."

"मग नदी पक्की झाली का? नदी झाली की नाव होईल."

त्याचे म्हणणे मी त्याला नीट सांगायला लावले. ते असे : एक नाव राहिले आहे. इवाकिरी तोकिची, मुख्यालयाचा निरोप्या. लष्करी पोलिसांनी त्याला आज्ञेशिवाय जागा सोडली म्हणून गोळी घातली. दगडावर फक्त आज्ञेखाली मेलेल्यांची नावे, हा कर्नलसाहेबांचा नियम. आणि इवाकिरी तोमे, म्हणजे निवासगृहाच्या मालकीणबाई, त्याच्या पत्नी. दगडाला जागा त्यांनीच दिली. फुकट.

मी बाईंना विचारले, का दिली. त्या मुळा सोलत होत्या.

"हे साहेब लोक इथं येतात, माझ्या हातचं जेवतात. जेवताना खिडकीतून दगड दिसतो, आणि वाढायला मी समोर असते. तेवढंच."

त्या दुपारी नदीपलीकडची डावी फळी मागे सरली, आणि त्यामुळे ती माणसे वाचली. याबद्दल दुमत नाही. मागे सरण्याची आज्ञा होती असे ठरले, तर ती पोहोचवणारा निरोप्या पळपुटा ठरत नाही. म्हणजे माझ्या नकाशावर एक बाण कमी-जास्त होण्याचा प्रश्न आहे.

माकिता संध्याकाळी दिवा डावीकडे लावून गेला. मी त्याला सांगितल्याचे आठवत नाही. मालकीणबाईंना सांगितले होते.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज तिघांची बोटे एकाच वेळी कागदावर आली आणि मिसो नदी फाटली. दोन दिवसांचे काम. मी शांतपणे म्हणाले की आता जमिनीवर मांडून दाखवा, मग मी कागदावर घेईन. वरच्या मजल्यावर मोठे दालन आहे, साठ चटयांचे. चटया सगळ्या एका मापाच्या, म्हणजे आयती जाळी. एक चटई म्हणजे दोन किलोमीटर धरले.

नदीसाठी पाहुण्यांच्या सुती किमोनोंचे निळे कमरपट्टे एकाला एक बांधले. डोंगरांसाठी रजया. प्रत्येक रेजिमेंटला बसायची एक चौकोनी गादी. सेनेचे मुख्यालय दालनाच्या टोकाला, चित्र आणि फुलदाणी ठेवतात त्या मानाच्या कोनाड्यात. मूळ मुख्यालय साखर कारखान्यात होते. फुलदाणी कारखाना म्हणून राहू दिली.

मालकीणबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"हे कोणी मांडलं?"

"मी. मापात आहे."

"माप असेल. पण गादीला तोंड असतं, बाई. तीन कडांना शिवण, एका कडेला नाही. ती बिनशिवणीची कड पुढं, बसणाऱ्याच्या गुडघ्याकडे. तुमचं अर्धं सैन्य पाठ करून बसलंय."

हे मला माहीत असायला हवे होते. सगळ्या गाद्या फिरवल्या, तोंडे शत्रूकडे केली. कर्नलसाहेब दालनाला एक फेरी मारून आले.

"सगळी सेना एका दिशेला तोंड करून," ते म्हणाले. "त्या बेटावर मला हे कधी जमलं नाही."

९ ऑक्टोबर, शनिवार

लढाई न्याहारीनंतर सुरू झाली. मेजर कुमे गुडघ्यांमुळे रांगत होते, आणि त्यांच्या मते रांगणेच योग्य, कारण समोर तोफखाना. त्यांनी दोन गाद्या ढकलत रजईच्या डोंगरावर नेल्या. कर्नलसाहेबांनी त्या उचलून परत आणल्या.

"माझ्या गाद्यांना हात लावू नका, साहेब."

"तुमच्या? स्टाफच्या अधिकाऱ्याला स्वतःची गादी नसते, कुमे. आज्ञा सेनापतींची. आपण फक्त सादर करायचं."

"सादर केलंच होतं मी. सेनापतींनी स्वतःच्या तोंडाने होकार दिला. त्यांचे शब्द अजून कानात आहेत. 'ठीक. तसंच करा.'"

"खोटं. त्याच दुपारी ठाम राहण्याची योजना मी सादर केली. तेव्हा ते म्हणाले, 'ठीक. तसंच करा.' मेलो तरी ते शब्द विसरणार नाही."

मी दोघांचे निवेदन शब्दशः लिहून घेतले. दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे. कोण ते अजून कळलेले नाही.

दुपारी खालून निरोप आला की केशकर्तनकार संघाचे जेवण आहे आणि गाद्या कमी पडताहेत. डावी फळी खाली न्यावी लागली. कर्नलसाहेबांनी हरकत नोंदवायला लावली. ती नोंदवते आहे.

मला उचकी लागली होती. नंतर लक्षात आले की ते हसू होते. बऱ्याच दिवसांत सवय नव्हती.

१३ ऑक्टोबर, बुधवार

जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशात नदीच्या वळणावर घरे दाखवलेली आहेत, एक वस्तीच. मांडणीत तिथे काही नव्हते. मी विचारले.

"ती वस्ती रिकामी होती," कर्नल म्हणाले.

"आपण यायच्या आधीपासून, की आल्यानंतर?"

 मेजर गुडघा चोळत राहिले. नावातांनी काकीचे फळ काढले आणि न खाता परत खिशात ठेवले. मी काड्यापेट्या आणून त्या जागी घरे मांडली, नकाशात जेवढी आहेत तेवढी. काढा असे कोणी म्हणाले नाही. पण नंतर लढाई त्या बाजूला गेलीच नाही.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

चोवीस तारखेला मेळावा आहे. सेनापती शिराहामा स्वतः येणार, वय शहाऐंशी. मेजवानीत कोण कुठे बसणार याचा आराखडाही माझ्याकडेच आला. तत्त्व सोपे आहे, हुद्द्याप्रमाणे कोनाड्यापासून दारापर्यंत. अडचण अशी की शरणागतीनंतर सरकारने काही जणांना एकेक हुद्दा वाढवून दिला होता. तो धरायचा की नाही, यावर सकाळ गेली.

"सेना संपल्यावर मिळालेला हुद्दा कसला धरता?" मेजर म्हणाले. ते लढाईच्या दिवशीच मेजर होते, आणि मेजरच राहिले.

"धरला तर नावाताही तुमच्या बरोबरीला येईल, म्हणून पोटात दुखतंय," कर्नल म्हणाले.

नावाता हसले. "मला धरू नका. मी कॅप्टनच बरा. दारापाशी बसतो, साके आणायला सोपं."

ते हा वाढीव हुद्दा कधीच लावत नाहीत म्हणे, चिठ्ठीवरसुद्धा नाही. नम्र मनुष्य आहे.

१७ ऑक्टोबर, रविवार

सुटी. दगडाची उंची मोजून घेतली, कारण ग्रंथात त्याचे चित्र जायचे आहे. माकिताने फीत धरली. तो म्हणाला की नावांमधले अंतर डोळ्याने ठरवतो. मी म्हणाले की डोळा हे साधन नाही. त्याने मला तीन नावांमधली अंतरे मोजायला लावली. सारखी निघाली. मी फीत तपासली. फीत बरोबर आहे.

खालच्या ओळीत, शेवटून दुसऱ्या जागी, त्याने एक नाव मावेल एवढी जागा मोकळी सोडली आहे.

"ही कोणी सांगितली?"

"कोणी नाही. आज्ञेशिवाय सोडली," तो म्हणाला.

नावातांबद्दल एक विसंगती. ते दरवर्षी सर्वांच्या आधी येतात आणि शेवटी जातात. घरून तांदळाचे पोते आणतात. तरी मालकीणबाई त्यांना पाण्याच्या पंपावरची खोली देतात. पंप रात्रभर धडधडतो. बाकी खोल्या रिकाम्या असतानाही. मी सुचवले की बदलून मागा.

"नको, नको. मला तीच बरी."

"झोप लागते?"

"नाही लागत," ते म्हणाले, आणि मला दोन फळे दिली. आज सुटी होती म्हणून एक खाल्ले. फार गोड होते. दुसरे माकिताला दिले.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

निष्कर्ष निघाला. डाव्या आणि मधल्या फळीच्या मध्ये रजईचा उंच डोंगर होता. मधली फळी मोडते आहे हे तिला तिथून दिसणे शक्य नाही. मी चटईवर आडवी होऊन, गादीच्या उंचीवर डोळा ठेवून खात्री केली. मेजरही शेजारी आडवे झाले. तेवढ्यात मालकीणबाई आल्या आणि काही न विचारता आमच्यावरून पाय टाकून खिडकी लावून गेल्या.

म्हणजे डावी फळी आपण होऊन हलली असणे शक्य नाही. वायरलेस बंद होता. कोणीतरी पायी जाऊन सांगितले. मी हे चहाच्या वेळी मांडले. नावातांचा पेला कलंडला. चटई लगेच पुसली, डाग राहणार नाही.

"कोणीतरी," कर्नल म्हणाले. "पोरी, इतिहासात कोणीतरी नसतो. सेनापतींनी मान डोलावलेली आज्ञा, नाहीतर पळ. मधलं काही नाही."

"मग सेनापतींनाच विचारू."

तिघेही माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी कोनाड्यात जाऊन बसले. सव्वीस वर्षांत हे कोणी सुचवलेले नाही. सेनापतीला विचारत नाहीत. सेनापतीला सादर करतात.

"मग सादर करा," मी म्हणाले.

मेजर कुमे हळूहळू लाल होत गेले आणि मग मांडीवर हात मारून हसत सुटले. "साहेब, करूच या. दोघंही. म्हातारा कोणाला हो म्हणतो बघू."

कर्नलसाहेबांनी अंगातला सुती किमोनो नीट केला. "माझी फाईल इस्त्री करून ठेवा," ते म्हणाले. फाईल इस्त्री करत नाहीत. त्यांना पँट म्हणायचे असावे.

२३ ऑक्टोबर, शनिवार

सेनापती शिराहामा एक दिवस आधीच आले. सून सोबत आहे. लहान चणीचे, स्वच्छ, ऐकू येते. पण सून म्हणते, आता काही कळत नाही त्यांना.

"कशावरून?"

"अहो, गेल्या वर्षी विचारलं, मामंजी, वरची खोली भाड्याने देऊ का? म्हणाले, 'ठीक. तसंच करा.' दिली. आता रोज विचारतात, माझी खोली कुठं गेली. आणि पहाटे उठून गॅलरीत उभे. नदी बघतोय म्हणतात. समोर बस डेपो आहे."

दुपारी मी वर गेले तर ते दालनात एकटेच, नदीपाशी बसलेले. खालच्या काउंटरवर मांजर झोपते ती छोटी गादी त्यांनी आणली होती. ती त्यांनी नदी आणि कोनाडा यांच्यामध्ये ठेवली होती, अगदी मोकळ्या चटईवर. तिथे कोणतीही तुकडी नव्हती. शिवाय तोंड शत्रूकडे नव्हते. बिनशिवणीची कड कोनाड्याकडे, म्हणजे मुख्यालयाकडे. जागा आणि दिशा दोन्ही चूक.

ते गेल्यावर मी ती उचलून मांजराला परत दिली. वय झाले की असे होते.

रात्री झोपण्यापूर्वी उद्यासाठी केस धुतले. मेळाव्यात पाथरवटालाही बोलावले आहे.

२५ ऑक्टोबर, सोमवार

काल लिहिता आले नाही. आज क्रमाने लिहिते.

मेजवानी दालनातच होती. रेजिमेंट हलवायच्या नाहीत असा कर्नलसाहेबांचा हट्ट, म्हणून पाहुणे कडेकडेने बसले आणि लढाई मध्ये राहिली. सेनापती कोनाड्यासमोर. नावाता दारापाशी. माकिता माझ्या शेजारी बसला होता, आराखड्यात तो तिथे नव्हता. साके झाले, गाणे झाले, एक माजी सार्जंट नदीत पाय अडकून पडला आणि बुडालो म्हणून उठेचना. मीही दोन पेले घेतले. माझे तिसऱ्यावर लक्ष गेले तेव्हा तो रिकामा होता.

मग कर्नल इजुइन पुढे आले, गुडघ्यांवर बसले आणि कपाळ चटईला लावले.

"सेनापतीसाहेब, सादर करतो. सेना नदीकाठी ठाम राहील. एक पाऊल मागे नाही."

सेनापतींनी मासा खाली ठेवला. "ठीक," ते म्हणाले. "तसंच करा."

कर्नलसाहेबांनी मान वळवून मेजरकडे पाहिले. सव्वीस वर्षे राखून ठेवलेले पाहणे होते. पण मेजर कुमे तोवर रांगत पोहोचले होते.

"सेनापतीसाहेब, सादर करतो. मधल्या फळीने हल्ला. संध्याकाळच्या आत डोंगर."

"ठीक. तसंच करा."

दालनात कोणी चॉपस्टिक्स हलवेना. कोणाला तरी उचकी लागली, ती मी होते. दोघे म्हातारे एकमेकांसमोर गुडघ्यांवर बसून होते, आणि दोघांपैकी कोणीही खोटारडा नव्हता. मी चूक होते. ही नोंद करायला मला आनंद होतो आहे, हे मला विचित्र वाटते.

पहिले मेजर हसले, मग सगळे दालन. कर्नलसाहेबांची पाठ सरळच होती, पण खांदे हलत होते. "म्हणजे आपण दोघं," ते म्हणाले, "एकाच दुपारी, एकाच सेनेला..." आणि पुढे बोलता येईना.

नावाता दारापासून चालत आले. हसत नव्हते. ते डाव्या फळीच्या गादीजवळ बसले आणि त्यांनी कपाळ टेकवले. उठलेच नाहीत, तसेच बोलले.

"सेनापतीसाहेब, सादर करतो. तांदूळ दोन दिवसांचा आहे. डावी फळी नदीअलीकडे घ्यावी, नाहीतर उपाशी मरेल. वायरलेस बंद, कागद भिजले. तोंडी निरोप देऊन माणूस पाठवतो. शिपाई इवाकिरी तोकिची."

हसू आपोआप विझले. मालकीणबाई साकेची सुरई घेऊन दारात उभ्या होत्या.

"ठीक," सेनापती म्हणाले. "तसंच करा."

"तो गेला," नावाता चटईत तोंड ठेवून म्हणाले. "पोहोचला. फळी परत आली. पहाटे लष्करी पोलिसांनी त्याला धरलं, न्याहारीच्या वेळी आत आले आणि विचारलं, याला कोणी पाठवलं. कर्नलसाहेबांना माहीत नव्हतं. मेजरसाहेबांना माहीत नव्हतं. मी भात खात होतो. रसदवाल्यानं आज्ञा दिली असं कळलं असतं, तर गोळी मलाच बसली असती. मी भात खात राहिलो. मग पोलिसांनी सेनापतीसाहेबांना विचारलं, गोळी घालायची का."

पुढे काय झाले ते कोणी विचारले नाही. ते शब्द आम्ही आत्ताच तीनदा ऐकले होते.

कर्नलसाहेबांनी घसा साफ केला. "तरी तो नदीच्या अलीकडे, फळीच्या मागे सापडला, पळताना. पोलिसांचं म्हणणं..."

सेनापती उठले. काउंटरपर्यंत जिना उतरून गेले आणि चढून आले, सून मागे मागे. हातात मांजराची गादी होती, मांजर तक्रार करत पाठोपाठ. त्यांनी ती नदी आणि कोनाडा यांच्यामध्ये ठेवली. आदल्या दिवशीचीच चटई, तीच जागा. कर्नलसाहेबांना वाटले म्हाताऱ्याने उलटी ठेवली. त्यांनी हात पुढे करून तोंड शत्रूकडे फिरवले. सेनापतींनी पंख्याने त्यांच्या मनगटावर फटका मारला आणि गादी परत होती तशी केली.

मालकीणबाई जवळ आल्या. सुरई खाली ठेवली. त्यांनी वाकून बिनशिवणीच्या कडेवरून बोट फिरवले.

"तोंड मुख्यालयाकडे आहे," त्या म्हणाल्या. "परत येत होता."

सेनापती नदीकडे पाहत होते. मांजर गादीवर चढून बसले. कोणी हाकलले नाही.

मग बाई नीट गुडघ्यांवर बसल्या. माझ्या आयुष्यात मी इतके नेमके बसलेले कोणाला पाहिले नाही.

"सेनापतीसाहेब, सादर करते. बागेतल्या दगडावर एका नावाची जागा आहे. इवाकिरी तोकिची. कोरून घेऊ?"

"ठीक. तसंच करा."

"हे चालणार नाही," कर्नल म्हणाले. "ते प्रत्येक गोष्टीला हेच म्हणतात. याला आज्ञा म्हणत नाहीत."

मेजर कुमे गुडघा धरून कसेबसे उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान होता. "म्हणत नसतील, साहेब, तर त्या बेटावर आपण दोघांनी जे काही केलं, ते कोणाच्या आज्ञेनं केलं?"

कर्नलसाहेब बराच वेळ गाद्यांकडे पाहत राहिले. काड्यापेट्यांच्या घरांकडेही पाहिले, आणि तिथे जास्त वेळ. शेवटी म्हणाले, "पाथरवट कुठाय?"

माकिता माझ्या शेजारून उठला. जाताना त्याने माझा पेला भरला. मी तो चौथा म्हणून नोंदवला.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

नकाशा कागदावर घेतला. कर्नलसाहेब चष्मा लावून तपासत होते. एकाच दुपारचे तीन बाण तीन दिशांना. त्यांनी एकही खोडला नाही. वस्तीची घरे पाहिली, आणि खाली स्वतःच्या हाताने पेन्सिलीने लिहिले : वस्ती. लोक होते.

मग बोट ठेवले. "हे चिन्ह कसलं? सूचीत नाही."

नदी आणि मुख्यालयाच्या मध्ये मी एक लहान चौकोन काढला आहे. तीन कडा जाड, एक बारीक.

"निरोप्या. परतताना."

"माप?"

"मांजराच्या गादीचं, साहेब. प्रमाणात बसत नाही."

"राहू दे," ते म्हणाले.

७ नोव्हेंबर, रविवार

माझे काम गेल्या आठवड्यात संपले. दगडाची उंची ग्रंथासाठी पुन्हा पाहायला हवी होती, म्हणून सकाळच्या बसने आले.

नाव कोरून झाले आहे. मी मोजले. बाकी नावांपेक्षा थोडे मोठे आहे, अर्ध्या बोटाने. माकिताला दाखवले.

"छिन्नी घसरली," तो म्हणाला.

छिन्नी सगळ्या अक्षरांवर सारखीच घसरत नाही. मी हे बोलले नाही. उंची मोजायची राहिली, पुढच्या रविवारी पुन्हा यावे लागेल.

नावाता तांदळाचे पोते घेऊन आले होते. दगडासमोर उदबत्ती लावून ते इतका वेळ वाकून राहिले की मालकीणबाई शेवटी म्हणाल्या, "उठा आता, कंबर धरेल, मग मलाच शेक द्यावा लागेल." आत काउंटरवर त्यांनी किल्ली मागितली, नेहमीची, पंपावरची. बाईंनी खिळ्यावरची काढली, पाहिली, आणि परत टांगली. निवासगृहामागच्या नदीकडच्या, शांत खोलीची दिली.

"नको हो, बाई. मला तिथंच सवय झालीय."

"सवय व्हावी म्हणून नव्हती दिली."

नावाता किल्ली हातात घेऊन उभेच राहिले. मग तिथेच, काउंटरपाशी, मांजराच्या शेजारी बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. नदीकडच्या खोलीचे भाडे तेवढेच आहे, त्यामुळे कारण मला कळले नाही. मी त्यांना काकीचे फळ दिले. त्यांनीच दिलेले होते. बाईंनी दोन वाडगे भात आणला, एक त्यांच्यापुढे ठेवला, आणि दुसरा घेऊन स्वतः त्यांच्यासमोर बसल्या.